मुल्हेर : मोसमकाठचे एक जुने गाव

सटाण्याहून ताहाराबादकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले, म्हणजे काही अंतरापर्यंत दोन्ही बाजूंना कांद्याची शेते आणि डाळिंबाच्या बागा दिसत राहतात. ताहाराबाद मागे टाकून पश्चिमेकडे वळले की मोसम नदीचे खोरे हळूहळू अरुंद होत जाते. एका बाजूला मांगी-तुंगीचे जोडसुळके दिसू लागतात आणि समोर तीन डोंगर एकमेकांना खेटून उभे असलेले आढळतात. मधला मुल्हेर, त्याच्या एका अंगाला मोरा आणि दुसऱ्या अंगाला हरगड. या तिघांच्या पायथ्याशी, सटाण्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, मुल्हेर नावाचे गाव आहे. एस.टी.तून उतरणाऱ्या परक्या माणसाला ते बागलाणातील इतर कोणत्याही गावासारखेच वाटेल. परंतु सुमारे चारशे वर्षांपूर्वी हे गाव एका राज्याची राजधानी होते. येथे टांकसाळ होती, राजदरबारी कवी होता आणि सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी याचे नाव होते.

या गावाविषयी लिहावे असे मनात येण्यास एक दूरचे निमित्त घडले. स्कॉटलंडमधील कोळसा खाणींच्या लहान लहान गावांचा इतिहास वाचण्यात आला होता. त्या देशात १६०६ सालच्या कायद्याने खाणकामगारांना खाणमालकाशी जन्मभर बांधून टाकले होते. मालकाच्या दाखल्याशिवाय त्यांना दुसरीकडे काम धरता येत नसे. या वेठीतून त्यांची संपूर्ण सुटका व्हायला १७९९ साल उजाडावे लागले. एकोणिसाव्या शतकात खाणीच्या तोंडाशी कामगारांच्या एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आयर्लंडातील दुष्काळाने देशोधडीला लागलेली कॅथलिक कुटुंबेही तेथे पोट भरण्यासाठी आली. १८७७ च्या ऑक्टोबरात ब्लँटायर येथील खाणीत झालेल्या स्फोटात दोनशेहून अधिक माणसे दगावली. पुढे १९४७ साली खाणी सरकारच्या ताब्यात गेल्या, १९८४-८५ चा दीर्घ संप झाला, एकामागून एक खाणी बंद पडत गेल्या आणि २००२ साली लाँगॅनेट ही तेथील अखेरची खोल भूमिगत खाणही मिटली. खाणी गेल्या, गावे मात्र राहिली. ज्या कारणासाठी गाव वसले ते कारणच नाहीसे झाल्यावर गावाने कशाच्या आधारे जगायचे, हा प्रश्न त्या इतिहासातून सतत डोके वर काढतो.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. आपल्या विदर्भात वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १९०६ साली बंद पडली, तेव्हा त्या गावापुढेही तो उभा राहिला असणार. बागलाणात कोळसा नाही आणि चांदीही नाही. तरीसुद्धा डोंगराच्या पोटातून नव्हे, तर डोंगराच्या माथ्यावरून आपली भाकरी मिळविणारे एक गाव येथे होते. ते गाव म्हणजे मुल्हेर.

मुल्हेरचे महत्त्व त्याच्या जागेत होते. सुरत आणि नंदुरबार यांच्या मधला हा डोंगराळ मुलूख. गुजरातच्या सपाटीवरून दख्खनेत यायचे, तर सह्याद्रीच्या या उत्तर टोकाकडील घाटांतून वर चढावे लागे. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून दौलताबाद-अहमदनगरकडे नेणाऱ्या तांड्यांना बागलाण टाळणे अवघड होते. ज्याच्या हाती साल्हेर-मुल्हेरचे किल्ले, त्याच्या हाती या वाटेची नाडी, असा हिशेब होता. शिवाय मोसमचे पाणी आणि तिच्या काठची काळी जमीन होती. डोंगराच्या मधल्या टप्प्यावर, ज्याला मुल्हेर माची म्हणतात, तेथे तळी होती आणि म्हणून तेथे मोठी वस्ती नांदू शकत होती. आजही त्या माचीवर गणेशाचे मंदिर आणि त्यासमोरचे तळे, तसेच सोमेश्वराचे मंदिर पाहावयास मिळते. झाडीत हरवलेली जोती पाहिली म्हणजे येथे कधी काळी घरांना घरे लागून होती याची खात्री पटते.

येथे राज्य करणारे बागूल घराणे स्वतःस राठोड वंशातील म्हणवीत असे आणि त्याच्या राजांना ‘बहिर्जी’ अशी उपाधी होती. या घराण्याचा इतिहास आपल्या हाती आला तो एका काव्यामुळे. नारायणशहा या राजाच्या पदरी असलेल्या रुद्रकवीने १५९६ साली ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ नावाचे वीस सर्गांचे संस्कृत काव्य रचले. त्यात मुल्हेरला मयूरगिरी असे नाव दिले आहे. मयूरध्वज राजाची ही नगरी, अशी जी दंतकथा गावात सांगितली जाते, तिचा आणि या नावाचा धागा जुळलेला दिसतो. हे काव्य १९१७ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले गेले आणि एका आडवळणाच्या गावाला आपल्या पूर्वजांची नावे परत मिळाली.

रुद्रकवीची पुढली कामगिरीही लक्षात घेण्याजोगी आहे. नारायणशहाचा मुलगा प्रतापशहा गादीवर असताना या कवीने शाहजादा दानियाल, खानखाना अब्दुर्रहीम आणि बादशहा जहांगीर यांच्या स्तुतीपर रचना केल्या. एकीकडे गुजरात, दुसरीकडे खानदेश आणि या दोहोंना गिळून बसलेली मोगल सत्ता, अशा कात्रीत सापडलेल्या लहान राज्याला केवळ तलवारीवर विसंबून चालण्यासारखे नव्हते. मुल्हेरच्या दरबाराने संस्कृत श्लोकांतून दिल्लीशी आपले संबंध सांभाळले असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ही लाचारी होती की शहाणपण, हे ठरविताना त्या काळच्या बलाबलाचा विचार केला पाहिजे. कित्येक मोठ्या सुलतानशाह्या मोगलांपुढे नामशेष होत असताना हे चिमुकले राज्य १६३८ पर्यंत टिकून राहिले, एवढे तरी मान्य करावे लागते.

अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’ या ग्रंथात बागलाणचे वर्णन आले आहे. हा डोंगराळ पण भरवस्तीचा प्रदेश असून येथे सात किल्ले आहेत, त्यांपैकी साल्हेर आणि मुल्हेर विशेष बळकट आहेत, असे अबुल फजल नोंदवितो. त्याचबरोबर येथील फळांचेही तो कौतुक करतो, आणि त्या फळांत द्राक्षे व डाळिंबे यांची नावे आहेत. आजच्या बागलाणातील शेतकऱ्याने हे वाचले तर त्याला मौज वाटेल. ज्या दोन पिकांनी गेल्या काही दशकांत या तालुक्याचे नाव परदेशी बाजारपेठांत नेले, तीच दोन पिके चारशे वर्षांपूर्वी दिल्लीच्या इतिहासकाराच्या कानावर गेली होती.

१६१० च्या सुमारास विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जात असता त्याने प्रतापशहाच्या या राज्याची माहिती टिपून ठेवली. साल्हेर आणि मुल्हेर ही दोन चांगली शहरे असून तेथे महमुदी नाणी पाडली जातात, आणि तेथील किल्ल्यांवर जाणाऱ्या वाटा इतक्या अरुंद आहेत की दोन माणसे कशीबशी जोडीने चढू शकतील, असे त्याने लिहिले आहे. महमुदी हे मूळचे गुजरातच्या सुलतानांचे चांदीचे नाणे. त्या काळी साधारणतः सव्वादोन ते अडीच महमुदींचा एक रुपया होई. गुजरातची सल्तनत बुडाली तरी सुरतेच्या बाजारात या नाण्याची सवय सुटली नव्हती. बागलाणच्या राजाने ही गरज ओळखली. त्याच्या मुलखात चांदीची खाण नव्हती. परंतु समुद्रमार्गे सुरतेस उतरणारी चांदी व्यापाऱ्यांबरोबर डोंगरापर्यंत येत होती. ती वितळवून, तिचे सारख्या वजनाचे तुकडे पाडून, त्यांवर ठसा मारून परत बाजारात सोडली की राज्याला टांकसाळीचा हक्क मिळत असे. भट्टी फुंकणारे, ठसे कोरणारे, वजन करणारे, कोळसा आणि लाकूड पुरविणारे असे कितीतरी हात या उद्योगात गुंतलेले असले पाहिजेत. त्यांची नावे कोणत्याही काव्यात आलेली नाहीत.

१६३८ च्या प्रारंभी या वैभवाची अखेर जवळ आली. दख्खनेचा सुभेदार असलेल्या तरुण औरंगजेबाने बागलाणवर फौज धाडली आणि मोगलांनी मुल्हेरला वेढा घातला. त्या वेळचा राजा बहिर्जी किल्ल्यात अडकला. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती. तेव्हा त्याने आपल्या आईला वकिलासोबत मोगल छावणीत पाठविले. तिच्यासोबत आठ किल्ल्यांच्या किल्ल्या होत्या. सुलतानपूर परगणा मिळाल्यास बादशाही चाकरी पत्करतो, अशी त्याची मागणी होती आणि ती मान्य झाली. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी बहिर्जी मुल्हेरचा डोंगर उतरला. इतिहासाच्या पुस्तकात ही घटना दोन ओळींत आटोपते. पण मुलाचा जीव आणि रयतेची घरे वाचविण्यासाठी शत्रूच्या तंबूकडे चालत निघालेल्या त्या वृद्ध मातेच्या मनात काय चालले असेल, याचा विचार वाचकाने क्षणभर तरी करावा. तिचे नावही आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

मुल्हेरचे नाव बदलून औरंगगड करण्यात आले. महंमद ताहीर हा येथला मोगल अधिकारी झाला आणि त्याच्याच नावावरून ताहाराबाद वसले. नवे नाव किल्ल्याला चिकटले नाही, पण ताहाराबाद मात्र टिकले. १६६६ साली आलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाला मुल्हेर हेच बागलाणचे मुख्य ठिकाण वाटले होते. म्हणजे राजा गेल्यानंतरही काही काळ गावाचे महत्त्व शिल्लक होते.

त्यानंतरचा कालखंड मराठी वाचकास परिचित आहे. १६७० च्या ऑक्टोबरात सुरतेची दुसरी स्वारी आटोपून शिवाजी महाराज बागलाणमार्गेच परतले आणि वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी त्यांची लढाई झाली. १६७१ च्या आरंभी साल्हेर स्वराज्यात आला. तो परत घेण्यासाठी मोगलांनी घातलेला वेढा १६७२ साली प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांनी मोडून काढला. साल्हेरच्या पायथ्याशी झालेली ही लढाई उघड्या मैदानावर मराठ्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेवर मिळविलेला विजय म्हणून गाजली. सूर्याजी काकडे या लढाईत कामी आले. तिच्या पाठोपाठ मुल्हेरही मराठ्यांकडे आला. पुढे हे किल्ले पुन्हा मोगलांकडे आणि नंतर निजामाकडे गेले. १७५२ च्या भालकीच्या तहाने बागलाण मराठ्यांना मिळाले आणि १८१८ च्या जुलैत मुल्हेर इंग्रजांच्या स्वाधीन झाला. किल्ल्यावरील फत्तेलष्कर, रामप्रसाद, शिवप्रसाद अशा तोफांची नावे लोकांच्या स्मरणात राहिली. मार्कंडेय नावाची आणखी एक तोफ होती, ती इंग्रज सरकारने फोडून मोडीत विकली, असे सांगतात.

तोफ मोडीत निघाली त्याच सुमारास गावाचे दैवही मोडीत निघाले, असे म्हणता येईल. मात्र त्याचे कारण केवळ पराभव हे नव्हते. मुंबई वाढली आणि सुरत मागे पडली. महमुदी तर आधीच रुपयापुढे हरली होती. रेल्वे आली ती मनमाड-नांदगावकडून, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग टाकला गेला तो तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारवरून. बागलाणच्या वाट्याला रेल्वे आलीच नाही. ज्या वाटेवर मुल्हेरचे पोट होते त्या वाटेने जाणारे तांडे दुसऱ्या वाटेला लागले. १८६९ साली नाशिक जिल्हा निर्माण झाला, तेव्हा पूर्वी खानदेशात असलेले बागलाण त्यात सामील झाले आणि कारभाराचे ठाणे म्हणून आरम नदीकाठच्या सटाण्याचे महत्त्व वाढत गेले. सटाण्याच्या मामलेदारांनी १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला आणि देव मामलेदार म्हणून ते लोकांच्या हृदयात बसले. यशवंतराव महाराजांची ही कथा सर्वांस ठाऊक आहे. बागलाणची लक्ष्मी एकदा मुल्हेरच्या टांकसाळीतून वाहत होती; आता तिचा हिशेब सटाण्याच्या कचेरीत होऊ लागला.

मग मुल्हेर उरले कशावर? खाणगावांच्या इतिहासात असे दिसते की खाण मिटल्यावर जी गावे पूर्णतः विस्कटली नाहीत, तेथे लोकांनी एकत्र येऊन चालविलेले काहीतरी शिल्लक होते : प्रार्थनामंदिर, वाद्यवृंद, सहकारी दुकान किंवा वाचनालय. मुल्हेर आणि मोसमखोऱ्यातील गावांकडेही अशा दोन गोष्टी होत्या.

पहिली म्हणजे पाण्याची व्यवस्था. मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठी शेकडो वर्षे ‘फड’ पद्धत चालत आली. नदीत ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाटाने पाणी शेतांपर्यंत आणीत. पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडीत, त्यांना फड म्हणत. एका फडात सर्वांनी त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे आणि पुढच्या वर्षी पिकांची फिरवाफिरव करावयाची, असा दंडक होता. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असल्यामुळे भरपूर पाण्याच्या पिकाचा लाभ एकट्यालाच मिळाला, असे सहसा होत नसे. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला असे आणि पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करावयाची असे. राजे बदलले, ठाणी बदलली, तरी पाण्याची पाळी चुकली नाही. काळ बदलला तशी विहिरी, बोअर आणि धरणे आली. मुल्हेरजवळच हरणबारी येथे मोसमवर धरण झाले. त्याने अनेकांचे भले झाले, पण आपापली विहीर झाल्यावर सामायिक पाटाची ओढ कमी होणे ओघानेच आले आणि पुष्कळ ठिकाणी फड विस्कटले.

दुसरी गोष्ट म्हणजे कोजागिरीची रात्र. मुल्हेरला उद्धव महाराजांची समाधी आहे. तेथे कोजागिरी पौर्णिमेस रासक्रीडेचा उत्सव होतो. केळीची पाने आणि फुले यांनी मढविलेले मोठे चक्र उभारतात आणि रात्रभर पदे गायिली जातात. ही परंपरा तीन शतकांहून अधिक जुनी मानली जाते. पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ केलेली पदे म्हणावयास नोकरीधंद्यासाठी दूर गेलेली मुले त्या रात्री गावी परततात. टांकसाळीचा ठसा हरवला, पण पदांची चाल हरवली नाही.

आज बागलाणपुढे नव्या अडचणी आहेत. डाळिंबाने सुबत्ता आणली आणि तेल्या रोगाने कित्येक बागा मुळापासून उपटावयास लावल्या. कांद्याचा भाव शेतकऱ्याला एका वर्षी हसवितो आणि दुसऱ्या वर्षी रडवितो. एका पिकावर सारी भिस्त ठेवणारे गाव आणि एका खाणीवर भिस्त ठेवणारे गाव यांत फार अंतर नाही. मुल्हेरचा इतिहास याच कारणासाठी वाचावयास हवा. वाट वळली की वैभव वळते, हे या गावाने पाहिले आहे. आणि सामायिक पाट आणि सामायिक गाणे असेल तर माणसे जागा सोडत नाहीत, हेही त्याने पाहिले आहे.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यांत साल्हेर आहे. १५६७ मीटर उंचीचा, राज्यातील सर्वांत उंच किल्ला म्हणून त्याचा हा मान योग्यच होय. आता बागलाणात पाहुणे येतील. साल्हेरच्या वाटेवर त्यांनी मुल्हेरला थांबावे, माचीवरच्या तळ्याकाठी थोडा वेळ बसावे, असे वाटते. मात्र किल्ल्याची दुरुस्ती सरकार करू शकेल. गावाच्या आठवणींची दुरुस्ती गावकऱ्यांनाच करावी लागेल. फडाचे नियम सांगणारे, पदांच्या चाली जाणणारे वृद्ध एकेक करून जात आहेत. त्यांच्याजवळ बसून कोणी लिहून घेतले नाही, तर पुढच्या पिढीला केवळ तटबंदीचे दगड दिसतील.

स्कॉटलंडच्या खाणगावांतील अनाम मजुरांची नावे पुष्कळदा चर्चच्या नोंदवह्यांतच सापडतात. कोणाचा बाप्तिस्मा केव्हा झाला, कोणाचे लग्न कोणाशी लागले, कोण कधी मृत्यू पावले, या साध्या नोंदींनी इतिहासकारांना ती गावे पुन्हा उभी करून दिली. आपल्या धर्मग्रामांतही अशा वह्या आहेत आणि घरोघरी आजी-आजोबा आहेत. मुल्हेरला काव्य लिहिणारा रुद्रकवी मिळाला, म्हणून त्याच्या राजांची नावे राहिली. ठसे कोरणाऱ्यांची, पाट उपसणाऱ्यांची आणि किल्ल्या घेऊन छावणीत गेलेल्या त्या मातेची नावे राहिली नाहीत. वाचकहो, आपल्या गावापुरते तरी असे होऊ नये, यासाठी एखाद्या संध्याकाळी वही-पेन्सिल घेऊन घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसावे आणि ‘आपण या गावी कसे आलो?’ एवढेच विचारावे.